डिंपनाचे पहिले दोन नकार

माझी वहिनी डिंपना कॉलियर हिने उभ्या जन्मात कुठल्याही गोष्टीला पहिल्या खेपेला हो म्हटलेलं नाही. माझ्या भावालाही नाही. लॉर्कनने ड्रोहेडाच्या नाचाच्या हॉलबाहेर तिला लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चल, काहीतरीच तुझं." महिन्याभराने परत विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्याहून बऱ्या पुष्कळ मिळतील तुला." तिसऱ्यांदा विचारलं तोवर तिच्या आईने लग्नाच्या झग्याचं कापड आणून ठेवलं होतं. लॉर्कन इथलाच, आयर्लंडातल्या बॉइन नदीकाठचा, त्याला रीत ठाऊक होती. परदेशी असता तर आज मला वहिनी नसती.

रीत तशी साधी आहे. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, कारण लगेच हात पुढे करतो तो हावरट. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, कारण समोरचा मनापासून देतोय की तोंडदेखलं, ते कळायला हवं. तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणतेस तर' म्हणायचं आणि घ्यायचं. आमच्याकडे चहा असाच प्यायला जातो आणि जमीनही अशीच विकली जाते. मी चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढली. तिथे रांग असते, त्यामुळे माझं वळण बिघडलं. मी दुसऱ्याच खेपेला हो म्हणते. गावात मला म्हणूनच फटकळ म्हणतात.

डिंपनाच्या स्वयंपाकघरातून नदीपलीकडची टेकडी दिसते. न्यूग्रेंज. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी बांधलेलं थडगं आहे ते. वर गवत, आत अरुंद दगडी बोळ, बोळाच्या शेवटी खोली. वर्षातले सगळ्यात लहान दिवस आले की सकाळी दारावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत शिरते, बोळातून सरकत खोलीपर्यंत जाते आणि थोड्या वेळाने माघारी फिरते. तेवढं बघायला जगभरातले लोक नाव देतात. आत मावतात मोजके, म्हणून शाळेतली पोरं चिठ्ठ्या काढतात. ज्याची चिठ्ठी निघते त्याला बरोबर एक माणूस नेता येतो.

डिंपना चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून दर वर्षी नाव देते. जपानच्या माणसाचं निघालं, ब्राझीलच्या नवराबायकोचं निघालं, ती स्वयंपाकघरातून टेकडीकडे बघत भांडी घासत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एरवी तिकीट काढून कोणालाही आत जाता येतं, आणि तिथे विजेचा दिवा लावून ऊन कसं येतं ते दाखवतात. पण डिंपना म्हणते, "दिवा माझ्या घरात आहे."

हे वेड तिला बापाकडून आलं. टेकडीचं खोदकाम चाललं होतं तेव्हा म्हातारा तिथे मातीची हातगाडी ढकलायला होता. एका डिसेंबरात मुकादम त्याला म्हणाला, "उद्या सकाळी आत बसायचं असेल तर ये, ऊन बघ." म्हातारा म्हणाला, "छे, माझं काय काम तिथे." मुकादम इंग्लंडहून आलेला होता. तो "बरं" म्हणाला आणि विषय संपला. मरेपर्यंत म्हातारा सांगत होता, आणखी एकदा म्हणाला असता तर गेलो असतो. पोरीने बापाचं वेड तेवढं उचललं असतं तर ठीक होतं. तिने नाही म्हणायचं वळणही उचललं.

लॉर्कन गेला, मुलगा कॅनडात राहिला, तेव्हापासून डिंपना वरची खोली भाड्याने देते. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिथे फेना आली. हॉलंडची, उंच, सायकलवाली, डब्लिनच्या विद्यापीठात आयर्लंडच्या पुराणकथा शिकायला आलेली. डब्लिनमधलं भाडं ऐकून कोणाचीही सायकल इकडे वळते.

पहिल्याच दिवशी मी तिथे होते. डिंपनाने विचारलं, "चहा घेतेस?"

"नको, धन्यवाद," फेना म्हणाली.

"अगं, थोडासा?"

"नको. मला तहान नाही."

"घोटभर तरी घे, प्रवासातून आलीयस."

फेनाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी नको म्हटलं ना?" तिने अगदी सरळ विचारलं. राग नव्हता, नुसती शंका होती. तोवर डिंपनाने कप भरून, दूध घालून तिच्यापुढे ठेवला होता. पोरीने तो औषधासारखा प्यायला.

मग तिने बॅगेतून घरून आणलेला बिस्किटांचा डबा काढला. आधी माझ्यापुढे धरला, मी एक घेतलं. डिंपनापुढे धरला. डिंपना म्हणाली, "नको गं, तुलाच राहू देत." फेना म्हणाली, "बरं," आणि झाकण लावलं. डिंपना त्या झाकणाकडे बघत राहिली. फेना वर गेल्यावर मला म्हणाली, "पोर चांगली आहे. जरा लाजते."

"लाजत नाही," मी म्हटलं, "तिला ऐकू येतं."

फेना दर शनिवारी-रविवारी सायकल नाहीतर बस पकडून कुठलीतरी जुनी जागा बघायला जायची. टाराची टेकडी, लखक्रूची थडगी, उश्नाख. एकदा पार रॉसकॉमनला जाऊन पुराणकथेतल्या राणी मेव्हच्या गुहेत शिरून आली, ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. डिंपनाने तिला मागच्या दारातच उभं करून बूट काढायला लावले आणि विचारलं, "राणी होती का घरी?" डिंपना स्वतः यातल्या कुठेच गेलेली नाही. तिला फेना रात्रीच्या जेवणाला बसून सगळं सांगायची, आणि बटाटे वाढता वाढता डिंपना "हो का?" "काय सांगतेस?" म्हणत ऐकायची. आमच्याच देवांच्या गोष्टी आम्हाला हॉलंडची मुलगी सांगत होती. शाळेत आम्हाला संतांच्याच सांगितल्या.

समोरच्या टेकडीचीही गोष्ट तिने सांगितली. तिथे दाग्दा नावाचा देव राहायचा. त्याचा मुलगा एंगस आला आणि म्हणाला, मला एक दिवस अन् रात्र हे घर दे. बापाने दिलं. दुसऱ्या दिवशी बाप परत आला तर मुलगा म्हणतो, दिवस आणि रात्र म्हणजे सगळाच काळ झाला, आता घर माझं.

"बघ," मी डिंपनाला म्हटलं, "या भागात तोंड उघडून मागणारा तो शेवटचा माणूस."

"आणि निर्लज्ज," डिंपना म्हणाली.

अशाच एका फेरीत फेनाने न्यूग्रेंजच्या ऑफिसात गंमत म्हणून स्वतःचं नाव देऊन ठेवलं होतं. आणि त्या वर्षी तिची चिठ्ठी निघाली. दैव आमच्या गावात आलं आणि नेमकं वरच्या मजल्यावर गेलं.

फेना जिना उतरून स्वयंपाकघरात आली ती फोन हातात घेऊनच. मी तिथेच होते. मी बहुतेक तिथेच असते. "डिंपना, माझं नाव आलं. एकवीस डिसेंबर. मला एक माणूस नेता येतो. तुम्ही येता?"

मी डिंपनाकडे पाहिलं. तिचा हात पिठात होता आणि कानापर्यंत लाली चढली होती. मला वाटलं, आता तरी. हो म्हण गं बाई, एकदा म्हण.

"अगं छे," डिंपना म्हणाली, "मी कुठे! तुझ्या एखाद्या मैत्रिणीला ने."

"बरं," फेना म्हणाली आणि वर निघून गेली.

डिंपना पीठ मळत राहिली. ब्रेडच्या पिठाला इतकं मळायचं नसतं. "रविवारी विचारेल," ती म्हणाली.

"तुला तिचा बिस्किटांचा डबा आठवतो का?"

"बिस्किटं वेगळी आणि हे वेगळं," डिंपना म्हणाली. "एवढ्या मोठ्या गोष्टीला कोणी एकदाच विचारत नाही."

रविवार आला. फेनाने नदीवरच्या बदकांबद्दल विचारलं. पुढच्या रविवारी तिने गरम पाण्याबद्दल विचारलं. डिंपनाने तोवर चांगला कोट धुवायला टाकला होता, स्लेनच्या केस कापणारीकडे वीस डिसेंबरची वेळ घेतली होती आणि जेवताना विषय टेकडीकडे वळवायची एकही संधी सोडत नव्हती. "यंदा आभाळ निरभ्र राहील म्हणतात," असं ती म्हणायची. "मग छान," असं फेना म्हणायची आणि बटाटा सोलायची.

"तू स्वतः सांग ना तिला," मी म्हटलं. "मला यायचंय म्हण. पाच शब्द पण होत नाहीत."

"मी कशी म्हणू? ते मागणं होईल."

"मग माग."

"कन्सेप्टा, तू पोस्टात फार वर्षं काढलीस," ती म्हणाली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकापाशी गोरेटी रायलीने आम्हाला गाठलं. गोरेटी डिंपनाची शेजारीण. तीस वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमला राहून परत आली. ती फेनाला कधीकधी गाडीतून ड्रोहेडाच्या बसपर्यंत सोडायची. टेकडीला ती आजवर 'तो दगडांचा ढीग' म्हणायची.

"ऐकलं का," गोरेटी म्हणाली, "मी एकवीस तारखेला आत जाणार आहे. फेनाने गाडीत विचारलं, माझ्याबरोबर येता का. म्हटलं, हो, येते की."

"पहिल्यांदाच हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मग काय करायचं होतं, सिग्नल सुटला होता."

डिंपनाने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "किती छान झालं गं. मला फार आनंद झाला. गरम मोजे घाल, आत गारठा असतो." मग आम्ही घरी आलो. कोट कपाटात टाकताना तिने हँगर इतक्या जोरात अडकवला की दांडा निखळला. तिला रडताना मी दोनदाच पाहिलंय, आणि हे तिसरं होतं की नाही ते मला ठरवता येत नाही, कारण तिने तोंड कपाटात घातलं होतं.

मला राग आवरला नाही. फेना बाहेर सायकलला तेल घालत होती. मी सरळ गेले. "तू डिंपनाला परत का विचारलं नाहीस?"

"त्या नाही म्हणाल्या."

"ते नाही नव्हतं."

"मग काय होतं?"

"सुरुवात," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. चहापासून लॉर्कनपर्यंत, आणि म्हाताऱ्यापासून या कोटापर्यंत. ऐकता ऐकता ती सायकलशेजारी जमिनीवरच बसली.

"म्हणजे इतके दिवस त्या वाट बघतायत? समोर बसून?"

"वाढत वाढत."

"आता गोरेटीला कसं नाही म्हणू? मी शब्द दिलाय." तिच्याकडे दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. मग तिने विचारलं, "तीन वेळा? नक्की तीन? दोन चालत नाहीत?"

"दोनात माझं भागतं. तिचं नाही."

एकवीस तारखेला पहाटे टेकडीपुढे नेहमीची जत्रा होती. ज्यांची चिठ्ठी निघत नाही ते बाहेर उभे राहतात, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. डोक्याला हरणाची शिंगं बांधलेले, ढोलवाले, हिरवे झगे घातलेले, आणि आमच्यासारखे लोकरीच्या टोपीतले. डिंपना दर वर्षी जाते आणि मला नेते. गवतावर दहिवर होतं. आणि आभाळ, जे आमच्याकडे डिसेंबरात गोधडीसारखं खाली लोंबत असतं, ते त्या दिवशी धुवून काढल्यासारखं स्वच्छ होतं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. चिठ्ठी निघूनही नुसता अंधार बघून परतलेले लोक मला माहीत आहेत. गोरेटीच्या नशिबी मात्र लख्ख सकाळ. डिंपनाने थर्मासमधून तिला चहा देऊ केला. गोरेटीने घेतला.

ठरलेली माणसं वाकून आत गेली. दाराशी फिंटन उभा होता. तो तिथला गाइड, डिंपनाच्या मावसबहिणीचा मुलगा. पलीकडच्या डोंगरावर सूर्य आला. सगळे गप्प झाले, ढोलवालेसुद्धा. झरोक्याचा दगड पिवळा झाला. आत काय चाललं असेल ते डिंपना डोळे मिटून बघत होती.

थोड्या वेळाने आतून आरडाओरडा ऐकू आला, आणि दारातून फेना बाहेर आली. गुडघ्यांना माती, केस विस्कटलेले. ती फिंटनशी काही बोलली. फिंटनने मान हलवली, मग डिंपनाकडे पाहिलं, मग परत मान हलवली, पण वेगळ्या दिशेने. फेना धावत आमच्याकडे आली.

"डिंपना, माझ्या जागेवर तुम्ही जा. ऊन अजून आत आहे. खोलीपर्यंत आलंय. लवकर."

"अगं, तू बाहेर का आलीस वेडे!" डिंपना म्हणाली. "जा, जा आत. तुझी चिठ्ठी आहे."

फेनाने एक बोट मुडपलं. मी पाहिलं तिला मोजताना. "डिंपना, मी बघितलं. मला खरंच वाटतं की आता तुम्ही जावं."

"मी काय, इथलीच आहे. कधीही जाईन. आणि मी मध्ये शिरले तर आतल्या लोकांच्या उजेडात येईन."

"जा गं बाई!" मी ओरडले. शिंगंवाल्याने मागे वळून पाहिलं. "दोनदा विचारलं तिने, मी विचारतेय ते धरून तीन झाले!"

"तुझं यात धरत नाहीत," डिंपना म्हणाली. माझ्याकडे न बघता.

फिंटन दारातून हाताने खुणा करत होता. झरोक्याच्या दगडावरचं पिवळं कडेला सरकायला लागलं होतं. फेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने घाई केली नाही. ती शिकलेली मुलगी होती. तिने डिंपनाचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "डिंपना, जाल का तुम्ही?"

"बरं," डिंपना म्हणाली, "तुझा एवढाच आग्रह असेल तर."

तरी अजून थर्मास माझ्या हातात द्यायचा होता. स्कार्फ नीट करायचा होता. बुटांचे तळवे गवताला पुसायचे होते. दाराशी पोचल्यावर फिंटनचे आभार मानायचे होते आणि त्याच्या आईचं कंबरेचं ऑपरेशन कसं झालं ते विचारायचं होतं, कारण दारात भेटलेल्या नात्यातल्या माणसाला आईबद्दल न विचारता पुढे कसं जायचं? फिंटनने तिला खांद्याला धरून आत ढकललं. त्याच्या आईने हे पाहिलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

बऱ्याच वेळाने माणसं बाहेर यायला लागली. गोरेटी आधी आली. ती रडत होती, मोठ्याने, नाक पुसत. "कन्सेप्टा, मी असं काही पाहिलं नाही गं आयुष्यात," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण त्या पोरीने मधेच उठून सगळा उजेड अडवला. ऐन वेळी माझ्यासमोर तिचं बूड." बर्मिंगहॅम काही पूर्णपणे जात नाही.

डिंपना सगळ्यात शेवटी बाहेर आली. वाकून, एका हाताने दगड धरत. फेना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी. "दिसलं?"

"फार सुंदर होतं," डिंपना म्हणाली आणि तिच्या केसांतली माती झटकली. "तुझे फार उपकार झाले, बाळ." फेना तिच्या गळ्यात पडली. ती पोर आनंदाने त्याच दुपारी विमानतळाची बस पकडून घरी नाताळला गेली.

संध्याकाळी मी डिंपनाच्या स्वयंपाकघरात बसले होते. खिडकीत टेकडीचा नुसता काळा आकार दिसत होता. फिंटनने मला दुपारीच सांगितलं होतं, मावशी आत पाय ठेवेपर्यंत ऊन बोळाच्याही बाहेर पडलं होतं. मला तिच्यावर खेकसायचं होतं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दाराच्या आत थांबलं होतं आणि ही बाहेर फिंटनच्या आईचं कंबरडं विचारत होती. मी शब्द जुळवत होते.

"काय दिसलं खरं?" मी विचारलं.

"काही नाही. काळोख होता. लहानपणी मेणबत्ती घेऊन जायचो तेव्हा होता तसाच." तिने बशीतला कप थोडा फिरवला. तिच्या चेहऱ्यावर मी शोधत होते ते दुःख नव्हतंच, आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

"आणि तुला त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं. वाटत कसं नाही." तिने कप बशीत सरळ ठेवला. "पण कन्सेप्टा, स्वतःचं ऊन आत सोडून आली ती. आणि सगळ्यांसमोर मला तीनदा विचारलं."